अख्तरबानूंची हजेरी

अख्तरबानू शिकलगार यांना कॉलेजात जायचं होतं. ‘शिकायचं आहे’ असं त्या म्हणाल्या असत्या, तर प्रकरण आठवड्यात मिटलं असतं, कारण शिकण्याची सोय पुण्यात पावलापावलावर आहे. पण त्यांचं म्हणणं नेमकं होतं. सकाळी घरातून निघायचं, वर्गात खिडकीजवळच्या बाकावर बसायचं, सरांनी हजेरीला आपलं नाव पुकारायचं आणि आपण ‘हजर’ म्हणायचं. पुढे सर काय शिकवतील ते शिकवोत. भूगोल असला तर उत्तम.

बिबवेवाडीतल्या त्यांच्या इमारतीत ही बातमी पसरली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. हे मुद्दाम नोंदवायला हवं. एकोणपन्नास वर्षांची बाई कॉलेजात जाते म्हटल्यावर कोणीतरी आडवं येणार, अशी आपली अपेक्षा असते. इथे आडवं कोणीच आलं नाही. सगळे मदतीला आले. घोटाळा झाला तो त्यामुळेच.

पहिली मदत नवऱ्याची. हमीदभाईंचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान. शिकलगारांच्या घरात एरवी दखनी चालायची, वाद मात्र मराठीत व्हायचे, कारण शेजाऱ्यांना न समजणाऱ्या वादात दोघांनाही रस नव्हता. हमीदभाईंनी दुकानातल्या गिऱ्हाइकांकडून दोन दिवसांत पक्की माहिती काढली आणि जेवताना जाहीर केली.

“सिताराची अम्मी, काम झालं. घरबसल्या बीए. पुस्तकं घरी येतात. परीक्षेपुरतं जायचं. कॉलेजचं तोंड बघायला नको.”

“मला तोंडच बघायचंय,” अख्तरबानू म्हणाल्या.

“अगं, पण डिग्री तीच!”

“मग तुम्ही घ्या.”

हमीदभाईंनी भाकरी मोडली आणि विषय तिथेच थांबला. माणूस वाईट नव्हता. आयुष्यभर लोकांचे कष्ट वाचवणारं यंत्र दुरुस्त करत आल्यामुळे, कष्ट कोणाला हवेसे वाटत असतील हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं, इतकंच.

मागचं फार सांगण्यासारखं नाही. बारावीनंतर अख्तरबानूंचे वडील, दादामियाँ बागवान, त्यांना सायकलवर डबल सीट घेऊन शहराच्या मध्यवस्तीतल्या एका जुन्या कॉलेजात गेले होते. प्रवेश झाला होता. वर्ग सुरू व्हायच्या आत स्थळ आलं, मुलगा चांगला होता, दुकान स्वतःचं होतं. वर्ग सुरू झाले तेव्हा अख्तरबानूंच्या हाताची मेंदी ओली होती. त्या वर्गात पुकारलं गेलेलं आपलं नाव कुणी ऐकलं असेल, असा विचार त्यांच्या मनात मधूनमधून येई. त्यानंतर त्यांना पूर्ण नावानं हाक मारण्याचं काम कोणाला पडलं नाही. घरात त्या सिताराची अम्मी, इमारतीत शिकलगार भाभी, दुकानाच्या परिसरात मिक्सरवाल्या भाभी आणि दवाखान्यात ‘गुडघा, पुढे या’.

दुसरी मदत वरच्या मजल्यावरून आली. पद्मजाताई विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झालेल्या. उभ्या कारकिर्दीत त्यांनी हजारो विद्यार्थ्यांचे अर्ज त्रुटी दाखवून परत पाठवले होते आणि त्यातल्या एकाचंही त्यांना वाईट वाटलं नव्हतं. जिना उतरून आल्या त्या पेन्सिलींसकट.

“विषय कोणता घ्यायचा हे नंतर,” त्या म्हणाल्या. “आधी नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगा.”

अख्तरबानूंनी सांगितलं. मग दूध कधी, सिताराची हिंजवडीची कंपनी बस कधी, हमीदभाईंचा डबा कधी, भांडीवाली तुळजाबाई कधी, हे सगळं विचारून पद्मजाताईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन आखले. लाल चौकोन घराचे, निळे कॉलेजचे. पूर्ण झाल्यावर कागद बहुतेक लालच दिसत होता.

“भूगोल कुठे बसतोय का?” अख्तरबानूंनी विचारलं.

“विषय आवडीचा नसतो, वेळेचा असतो,” पद्मजाताई म्हणाल्या. “तरी बघते. सकाळच्या पहिल्या तासाला जागा आहे. पाणी तुमच्या ह्यांनी भरावं.”

“भरीन की,” हमीदभाई आतून म्हणाले. ते खरंच भरू लागले, हेही नोंदवायला हवं.

मधल्या काळात शिक्षणही पूर्वीचं राहिलं नव्हतं. नुसतं ‘बीए’ म्हणून भागत नव्हतं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह आणि प्रत्येकाचे क्रेडिट. मुलगी सितारा कॉम्प्युटर इंजिनिअर. तिनं अम्मीला हे तीन वेळा समजावलं. “अम्मी, इट्स सो सिम्पल यार,” असं ती प्रत्येक वेळी सुरुवातीला म्हणे आणि शेवटी म्हणत नसे. अखेर हमीदभाईंनी गाठ सोडवली. “मेजर म्हणजे मोठं भांडं. मायनर म्हणजे सुक्या मसाल्याचं. आणि ते ओपन काय म्हणालीस ते चटणीचं. मोटर एकच.” अख्तरबानूंना पहिल्यांदाच सगळं लख्ख समजलं. पद्मजाताईंनाही समजलं, पण त्यांनी तसं कबूल केलं नाही.

पुढची पायरी गॅप सर्टिफिकेटची. शिक्षणात खंड पडला असेल तर त्या काळात आपण काय करत होतो, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं मजकूर अर्धा टाईप केला आणि हात थांबवला.

“खंडाचं कारण?”

“लग्न,” हमीदभाई म्हणाले.

टायपिस्टनं मार्कशीटवरचं साल पाहिलं, मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. “लग्न एक दिवस चालतं. फार तर तीन. उरलेल्याचं काय लिहू?”

हमीदभाई विचारात पडले. सिताराचा जन्म, सासऱ्यांचं आजारपण, दुकानाची जागा बदलली ती धावपळ, दोन वेळचा स्वयंपाक; पण त्यातलं प्रतिज्ञेवर सांगण्यासारखं काय, हे त्यांना ठरवता येईना.

“आजारपण टाकू?” टायपिस्टनं सुचवलं. “बहुतेक जण आजारपण टाकतात. पण एवढं मोठं टाकलं तर लोक विचारतील, बाई वाचल्या कशा.”

“लिहा,” पद्मजाताई म्हणाल्या, “‘सदर कालावधीत मी घरी होते.’”

टायपिस्टनं लिहिलं. एकतीस वर्षं एका ओळीत बसली आणि वर थोडी जागाही उरली. अख्तरबानूंनी त्याखाली सही केली.

दुसरी अडचण नावाची. आधार कार्डावर शिकलगार, मार्कशीटवर बागवान. त्याच जुन्या कॉलेजच्या खिडकीतल्या गृहस्थांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि ही दोन माणसं असल्याचा निष्कर्ष काढला.

“निकाहनामा आहे,” हमीदभाई म्हणाले.

“तो तुमच्यापुरता. आम्ही मार्कशीट बघतो. नाव बदलायचं तर गॅझेट करा, पुढच्या वर्षी या. नाहीतर आहे त्या नावावर प्रवेश घ्या.”

“म्हणजे वर्गात माझं नाव नाही?” हमीदभाईंनी विचारलं.

“तुमचा प्रवेश आहे का?”

“नाही.”

“मग तुमचं नाव कशाला?”

पुण्यातल्या खिडक्यांना उलट उत्तर नसतं. हमीदभाईंनी निकाहनाम्याची घडी घालून तो खिशात ठेवला. अख्तरबानू मात्र घरी येईपर्यंत पावतीवरचं नाव उलटसुलट वाचत राहिल्या. बागवान अख्तरबानू दादामियाँ. त्या मुलीची आणि त्यांची गाठ फार वर्षांनी पडत होती.

विषयांची नोंदणी ऑनलाइन. ती सिताराकडे होती आणि सितारा कंपनीच्या बसमध्ये होती. बस हिंजवडीच्या वाटेवर उभी होती, जशी ती रोज उभी असते. ओटीपी यायचा तो हमीदभाईंच्या फोनवर, कारण आधारला जोडलेला नंबर तोच. हमीदभाई दुकानात एका गिऱ्हाइकाचा मिक्सर चालवून दाखवत होते. अशा रीतीनं बसमधून सितारा “अब्बा, ओटीपी!” म्हणून ओरडत होती, दुकानातून हमीदभाई “काय? मोठ्यानं बोल, मोटर चालू आहे!” म्हणून ओरडत होते आणि घरी अख्तरबानू दोघांचे निरोप दोघांना पोचवत होत्या. आकडा पोचेपर्यंत तो शिळा व्हायचा. मग नवा आकडा. या गडबडीत एकेका विषयाच्या जागा भरत गेल्या आणि सिताराच्या अंगठ्याखाली जे सापडलं ते तिनं घेतलं.

हाती आलेलं वेळापत्रक पद्मजाताईंनी चष्मा लावून वाचलं. मायनरचा विषय ऑनलाइन. ओपन इलेक्टिव्हमध्ये आळिंबी लागवड, तीही स्वयंअध्ययन, म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ पाहायचे. पर्यावरणाच्या नोट्स व्हॉट्सॲपवर. आणखी एका विषयात घरी बसून प्रकल्प. वर्गात बसायचा म्हणून एकच तास उरला होता. भूगोल, पहिला मजला, सकाळचा.

“अहो, नशीब काढलंत तुम्ही!” पद्मजाताई म्हणाल्या. “एवढं सुटसुटीत टाइमटेबल मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. जवळजवळ जायलाच नको!”

हमीदभाईंनी जिलबी आणली. सितारानं ‘प्राउड ऑफ यू अम्मी’ असं सगळ्या नातेवाइकांना कळवलं. अख्तरबानूंनी एक जिलबी खाल्ली आणि कॅलेंडरच्या पाठीवर उरलेल्या एकुलत्या एक निळ्या चौकोनाकडे पाहत राहिल्या. तेवढा पुरे होता. हजेरी काय, एका तासाला एकदाच घेतात.

पहिल्या दिवशी त्यांनी ठेवणीतला सलवार कमीज घातला, नवं पेन घेतलं. वही सिताराची होती, उरलेल्या कोऱ्या पानांची. कॉलेजच्या फाटकात सुरक्षारक्षकानं अडवलं.

“बाई, पालकसभा शनिवारी.”

“मी विद्यार्थी आहे.”

“हो, पण कुणाच्या कोण?”

ओळखपत्र दाखवल्यावर त्यानं फोटो पाहिला, चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला आणि “जाऊ दे” असं म्हणून सोडलं. ते ‘जाऊ दे’ त्यांच्यासाठी होतं की जगासाठी, हे कळलं नाही. जिन्यावर गुडघा दुखला. त्याच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

खिडकीजवळचा बाक मोकळा होता. खिडकीतून सायकल स्टँड दिसत होता. सायकली नव्हत्या, स्कूटर होत्या. वर्गात वीसेक मुलं-मुली. सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. वाळिंबे सर आले. निवृत्तीला आलेले, काखेत जगाचा गुंडाळलेला नकाशा, चेहऱ्यावर त्या जगाविषयी फारसा लोभ नाही. नकाशा न उलगडताच त्यांनी टेबलावर ठेवला, मस्टर उघडलं आणि मान खाली घालून सुरुवात केली.

“वन. टू. थ्री. फोर.”

अख्तरबानूंना आधी वाटलं, सर मुलं मोजताहेत. मग लक्षात आलं की हीच हजेरी. नाव नाहीच. नुसते आकडे. आकड्यामागून “येस सर”, “प्रेझेंट सर”, बरेचदा काहीच नाही. त्यांनी पर्समधून पावती काढली. रोल नंबर अडुसष्ट. उशिरा प्रवेश म्हणून यादीत शेवटी. ठीक आहे, त्यांनी मनाशी म्हटलं, अडुसष्ट तर अडुसष्ट. तोही आपलाच आहे. त्या ताठ बसल्या. सर पन्नाशी ओलांडून साठीत आले.

“सिक्स्टी-सेव्हन. सिक्स्टी-एट.”

“प्रेझेंट सर!” मागच्या बाकावरून आवाज आला.

सरांनी खूण केली आणि मस्टर मिटलं. अख्तरबानूंचं तोंड उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं. मागे वळून पाहिलं, तर एक मुलगी मोबाइलवर काहीतरी टाईप करत होती, जणू नुसती शिंकली असावी.

अख्तरबानू उभ्या राहिल्या. “सर, सिक्स्टी-एट मी आहे.”

वाळिंबे सरांनी प्रथमच वर पाहिलं. “मग मागून कोण बोललं?”

मागच्या बाकावरच्या मुलीनं मोबाइल दप्तरात टाकला.

“गेल्या दहा वर्षांत,” सर म्हणाले, “मला एका नंबरामागे अर्धासुद्धा माणूस मिळत नाही. आज एका नंबराला दोन! दोघीही बाहेर. आणि उद्या पालकांना घेऊन यायचं. त्याशिवाय वर्गात पाऊल ठेवायचं नाही.”

“सर, पण मी तर...”

“नियम सगळ्यांना सारखा, बाई. प्रॉक्सी लावणारी आणि जिची लावली ती, दोघी.”

बाहेर पायरीवर दोघी बसल्या. मुलीचं नाव हेमा. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

“काकू, सॉरी ना. मला वाटलं तुम्ही येणारच नाही. काकांनी सांगितलं होतं.”

“कोणत्या काकांनी?”

“तुमच्याच! आमचा मिक्सर केला ना त्यांनी. पैसेच घेईनात. म्हणाले, ‘बेटा, तू त्याच वर्गात आहेस ना? काकूंच्या गुडघ्याला जिना झेपत नाही. सिक्स्टी-एटला तू नुसतं येस सर म्हणत जा.’”

“किती दिवस?”

“पूर्ण सेमिस्टर,” हेमा म्हणाली. “मोटर बदलली होती ना, काकू.”

त्या दिवशी शिकलगारांच्या घरी चहात आलं पडलं नाही. हे अख्तरबानूंचं शेवटचं हत्यार होतं आणि हमीदभाईंनी ते पहिल्या घोटातच ओळखलं.

“मला वाटलं, तुला बरं वाटेल,” ते म्हणाले. “रात्री गुडघ्याला शेक घेत बसतेस, मी बघतो ना. डिग्री मिळाली की झालं. हवंय तरी काय तुला अजून?”

“कुणीतरी मला विचारावं, आलीस का,” अख्तरबानू म्हणाल्या. “आणि मी म्हणावं, आले. एवढंच हवंय. तेवढंच नेमकं तुम्ही दुसरीला देऊन आलात.”

हमीदभाईंनी बिनआल्याचा चहा संपवला. दुसऱ्या दिवशी ते हेमाच्या घरी जाऊन करार मोडून आले. मोटर परत मागितली नाही.

पालकांचा प्रश्न पद्मजाताईंनी हाती घेतला. “सरांनी नुसतं ‘पालक’ म्हटलंय. पालकाचं वय, पाल्याचं वय, काही दिलेलं नाही. कॉलेजच्या रेकॉर्डला हमीदभाई नाहीतच. तिथे वडील दादामियाँ. ते हयात नाहीत. म्हणजे आई.”

“अम्माला? ऐंशीच्या आहेत त्या!” अख्तरबानू म्हणाल्या.

“मग पालक म्हणून वयानं बसतात की.”

अख्तरबानूंच्या आई मदिनाबी पुण्याजवळच्या मांजरी गावात मुलाकडे राहत. निरोप मिळताच त्या रिक्षानं हजर झाल्या, इस्त्रीची पांढरी ओढणी घेऊन, कानात अत्तराचा फाया घालून. लेकीला शाळेतून बोलावणं आलं की जायचं, हे काम फार वर्षांनी पुन्हा मिळाल्याचा आनंद चेहऱ्यावर लपत नव्हता. कॉलेजचा जिना त्या अख्तरबानूंच्या आधी चढल्या.

स्टाफरूममध्ये वाळिंबे सर चहा पीत होते. समोर मदिनाबी उभ्या राहिलेल्या पाहून ते कपासकट उठले.

“काय केलं हिनं?” मदिनाबींनी विचारलं.

“काही नाही, आजी. हजेरीचा जरा...”

“वर्गात बोलते का? शाळेतपण बोलायची.”

“नाही, बोलत नाही.”

“मग मारू नका. पहिल्यापासून नाजूक आहे.”

“अम्मा!” अख्तरबानू म्हणाल्या.

“तू गप बस. मोठी माणसं बोलतायत.” मदिनाबी खुर्चीत टेकल्या. हमीपत्रावर त्यांनी उर्दूत, उजवीकडून डावीकडे, सावकाश सही केली. सर शाई वाळेपर्यंत थांबले. “हिचा बाप हिला इथं घेऊन आला होता, साहेब. सायकलवर. पावती मला दाखवली होती. मी म्हटलं, ठेवा कपाटात.” त्यांनी पेन सरांना परत दिलं. “तेव्हा मी पाठवलं नाही. आता तुम्ही परत पाठवू नका.”

वाळिंबे सर एरवी कोणालाही उत्तर देत, तिखट देत. त्या दिवशी त्यांनी मदिनाबींसाठी चहा मागवला.

पण दैव म्हणतात ते असं की, त्यानंतर भूगोलाचा तासच होईना. एका दिवशी सर परीक्षेच्या कामावर, पुढे कसलीशी समिती आली, मग गणपती बसले. पेठांतले रस्ते बंद, कॉलेजला सुट्टी. अख्तरबानू रोज सकाळी कॅलेंडरच्या पाठीवरचा निळा चौकोन पाहत आणि पोळ्या लाटायला लागत. ‘प्रेझेंट सर’ म्हणायचा सराव त्या ओट्याशी करत. तुळजाबाईंना आता त्याची सवय झाली होती. “मीपण आलेय की हो भाभी, भांडीच घासतेय,” त्या म्हणत.

सुट्टीनंतरचा भूगोलाचा पहिला तास आला तो नेमका विसर्जनाच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी.

“आज?” पद्मजाताई जिन्यातूनच म्हणाल्या. “अहो, आज पुण्यात माणूस उठलेला नसतो. कॉलेज उघडं असतं ते फक्त कागदावर. पडून राहा.”

अख्तरबानू चपला घालत होत्या. हमीदभाईंचं पाणी भरून झालं होतं. त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली. स्वारगेटच्या पुढे रस्ते गुलालानं माखले होते, चपलांचे ढीग कडेला पडले होते, सफाईवाले पाण्याचे पाइप घेऊन फिरत होते. दोन ठिकाणी बांबूचे अडथळे होते. हमीदभाईंनी फुटपाथवरून स्कूटर घातली. त्यांच्या नियमशीर आयुष्यातला तो पहिलाच गुन्हा. फाटकाशी सोडून म्हणाले, “मी खाली थांबतो.”

“दुकान?”

“आज कुणाचा मिक्सर चालणार आहे? सगळं गाव झोपलंय.”

वर्गात कोणी नव्हतं. पंखा आदल्या आठवड्यापासून चालूच राहिला असावा. अख्तरबानू खिडकीजवळच्या बाकावर बसल्या, वही काढली. बऱ्याच वेळानं वाळिंबे सर दारात आले आणि दारातच थांबले.

“तुम्ही?”

“हो, सर.”

“आज कोणी येत नसतं. मीसुद्धा सही करायला आलोय.” त्यांनी मस्टर काखेतून काढलं. “रस्त्यांची काय दशा आहे, त्यात तुम्ही आलात. जा घरी, आराम करा. तुमची हजेरी लावून टाकतो.”

हे वाक्य अख्तरबानूंनी वेगवेगळ्या तोंडांतून, वेगवेगळ्या शब्दांत, उन्हाळ्यापासून ऐकलं होतं. प्रत्येक वेळी ते प्रेमानंच म्हटलं गेलं होतं.

“लावू नका, सर,” त्या म्हणाल्या. “घ्या.”

“घ्या म्हणजे?”

“नाव घेऊन घ्या. पहिल्यापासून. माझं शेवटी येतं. मी थांबते.”

“सगळ्यांची? समोर भिंत आहे, बाई.”

“पण नावं आहेत ना, सर.”

वाळिंबे सरांनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं. मग ते खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, मस्टर उघडलं आणि नंबरांच्या शेजारचा रकाना, जो त्यांनी किती वर्षांत वाचला नव्हता कोण जाणे, वाचू लागले.

“आढाव भैरू नामदेव.”

सभ्यतेला जेवढं थांबावं लागतं तेवढे ते थांबले. मग खूण केली. पुढचं नाव. पुन्हा थांबले. नावं नुसती वाचून पुढे जाता येत नव्हतं, असं त्यांच्या लक्षात आलं असावं; थांबणं हळूहळू लांबत गेलं. “जाधव श्यामला... ही कोण? कधी पाहिली नाही. नाव मात्र छान आहे.” कुठेतरी मध्यावर त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि उभं राहून वाचायला लागले. आवाज मोठा होत गेला. पूर्वी वर्ग भरलेला असताना असाच लावत असावेत. हेमाचं नाव आलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“मी नाही बोलणार, सर,” अख्तरबानू म्हणाल्या.

“नका बोलू,” सर म्हणाले आणि गैरहजेरी मांडली.

यादी संपत आली. खिडकीखाली स्टँडजवळ हमीदभाई स्कूटरला टेकून वर बघत होते. अख्तरबानूंनी पदर नसलेल्या खांद्यावरची ओढणी उगीच सारखी केली.

“बागवान,” सर म्हणाले, “अख्तरबानू दादामियाँ.”

ओट्याशी घोटलेलं ‘प्रेझेंट सर’ कुठे गेलं कळलं नाही. शाळेतला शब्द आला, तोही इतक्या मोठ्यानं की खाली हमीदभाई सरळ उभे राहिले.

“हजर!”

वाळिंबे सरांनी खूण केली. मस्टर मिटलं, काखेत घातलं आणि सवयीनं दाराकडे वळले. दोन पावलं गेल्यावर त्यांनी मागे पाहिलं. अख्तरबानूंनी वहीचं कोरं पान उघडलं होतं, पेनाचं टोपण काढून बाकावर ठेवलं होतं आणि त्या फळ्याकडे बघत होत्या.

सर परत आले. मस्टर टेबलावर ठेवलं. कोपऱ्यातला नकाशा उचलला, धूळ झटकली, खिळ्याला अडकवला आणि सोडला. जग सर्रकन खाली आलं. मग त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर वरच्या कोपऱ्यात आजची तारीख लिहिली.

अख्तरबानूंनी ती उतरवून घेतली.